मशीन पुन्हा घेता येते

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

मागच्या महिन्यात आमच्या इमारतीतले एक शेजारी मुलीला घेऊन संध्याकाळी घरी आले. शेजारी खताच्या कारखान्यातून नुकतेच निवृत्त झालेले. मुलगी मास मीडियाची पदवी घेऊन वर्षभर कुणाकुणाकडे व्हिडिओ संकलनाचे काम शिकलेली आणि आता स्वतःचे काम सुरू करू पाहणारी. तिच्या हातात इंटरनेटवरून उतरवून घेतलेली सुट्या भागांची एक यादी होती.

"काका, बाबा दीड लाख रुपये देताहेत. एडिटिंगसाठी कोणता कॉम्प्युटर घेऊ?"

वडील हळूच म्हणाले, "निवृत्तीच्या पैशांतले आहेत हो. एकदाच होणार. चुकायला नको."

आता कुणी विचारील की, हा प्रश्न एका कवीला कशासाठी? तर त्याचे कारण असे. मी मराठी विषय घेऊन बी.ए. झालो, कविता लिहू लागलो आणि कवितेवर घर चालत नाही हे लवकरच कळल्यामुळे माहितीपटांची निवेदने लिहू लागलो. निवेदन लिहिणाऱ्याला संकलकाच्या शेजारी बसावे लागते. चित्र तीन सेकंदांनी कमी झाले की वाक्यही तीन सेकंदांनी कमी करावे लागते. पुढे २००४ साली थोरल्या बहिणीचा मुलगा, माझा भाचा, कॉलेज संपवून याच धंद्यात उतरला आणि आम्ही मामा-भाच्यांनी चेंबूरच्या घाटला गावात तळमजल्यावरची एक खोली भाड्याने घेतली. तो कापायचा, मी लिहायचो. तेव्हापासून आजवर आम्ही सहा मशीन बदलली. त्यांतल्या प्रत्येकाने काही ना काही शिकवले आणि एकाने जे शिकवले ते अजून विसरता येत नाही. तेच आज सांगणार आहे.

त्या मुलीच्या यादीत सर्वांत वर ग्राफिक्स कार्ड होते, बाजारातले सर्वांत मोठे. त्याखाली रंगीत दिवे लुकलुकणारी काचेची कॅबिनेट. यादी संपता संपता शेवटी लिहिले होते, 'हार्ड डिस्क, उरल्यास यूपीएस.' भाच्याने यादी वाचली आणि म्हणाला, "ही यादी उलटी धर. खालून वर वाच." मुलगी हसली. तिला वाटले, थट्टा करतोय. तो थट्टा करत नव्हता.

व्हिडिओच्या कामाचा कॉम्प्युटर निवडताना पहिला प्रश्न कॉम्प्युटरविषयी नसतोच. कॅमेरा कोणता, काम कोणाचे, आणि शेवटी ते कुठे दिसणार, हे तीन प्रश्न आधी. लग्नसमारंभाचे काम, एखाद्या संस्थेचा माहितीपट, मोबाइलवर पाहायची दोन मिनिटांची फीत आणि चित्रपट ही चार वेगळी कामे आहेत. लोक सगळ्यांसाठी एकच मशीन शोधत बसतात.

थोडा हिशेब सांगतो. जुन्या ३५ मिलिमीटरच्या फिल्मला मिनिटाला ९० फूट लागत. हजार फुटांचे रीळ अकरा मिनिटांत संपे. आम्ही सुरुवात केली तेव्हा मिनीडीव्हीची कॅसेट होती. तासाभराची कॅसेट संगणकात उतरवली की सुमारे १३ जीबी जागा खाई. आज साधासा फोर-के कॅमेरा सेकंदाला १०० मेगाबिटने चित्रण करतो, म्हणजे तासाला ४५ जीबी. तेच चित्रण संकलनाला सोयीच्या प्रोरेस प्रकारात बदलून घेतले तर तासाला सुमारे २२० जीबी. एका लग्नात दोन कॅमेरे आणि आठ तास धरा. जागेचा प्रश्न वेगाच्या प्रश्नाआधी का येतो, हे इथेच कळते.

मग मोठे मशीनसुद्धा अडखळते का? याचे कारण कवितेच्या वहीतून सांगतो. आपण गाणे उतरवून घेताना ध्रुवपद पहिल्यांदा पूर्ण लिहितो. नंतर प्रत्येक कडव्याखाली नुसते 'ध्रु.' लिहून पुढे जातो. वाचणाऱ्याने मागचे पान आठवायचे. आजचे बहुतेक कॅमेरे असेच करतात. एक चित्र पूर्ण साठवतात आणि पुढच्या चित्रांत फक्त काय बदलले तेवढे टिपतात. त्यामुळे फाइल लहान होते, पण संकलक मधलेच चित्र मागतो तेव्हा संगणकाला मागे जाऊन सगळे जुळवत यावे लागते. एच.२६५ प्रकारात ही जुळवाजुळव फारच गुंतागुंतीची असते. काही प्रोसेसरांत आणि ग्राफिक्स कार्डांत या कामासाठी वेगळा विभागच असतो. म्हणून कार्ड किती मोठे, यापेक्षा 'माझ्या कॅमेऱ्याची फाइल हे मशीन अंगच्या सोयीने उलगडते का' हे विचारावे. दुकानात जाताना आपल्या कॅमेऱ्यातली खरी फाइल पेनड्राइव्हवर घेऊन जावी आणि समोर चालवून पाहावी. साडी घेताना पदर उलगडून बघतो, तसे.

मशीन तरीही अडखळले तर दुसरा उपाय आहे, आणि तो फुकट आहे. मूळ चित्रणाच्या लहान, हलक्या प्रती करून घ्यायच्या. त्यांना प्रॉक्सी म्हणतात. सगळी कापाकापी त्या हलक्या प्रतींवर करायची आणि शेवटी मूळ चित्रण जोडून घ्यायचे. आधी कच्चा खर्डा आणि मग पक्की प्रत, यात नवीन काही नाही. डाविंची रिझॉल्व्ह, ॲडोबी प्रीमियर, फायनल कट प्रो, सगळ्यांत ही सोय आहे. रिझॉल्व्हची तर मोफत आवृत्तीही मिळते आणि शिकणाऱ्याचे त्यात बरेच दिवस निघतात. मात्र कोणत्या कॅमेऱ्याची फाइल मोफत आवृत्तीत उघडते, हेही आधीच तपासून घ्यावे.

आमच्या अनुभवाने सांगायचे तर आजच्या साध्या व्यावसायिक कामाला ३२ जीबी रॅम असावी, पुढे वाढवण्यासाठी दोन खाचा मोकळ्या असाव्यात. प्रोग्रॅमसाठी एक एसएसडी, चालू कामासाठी दुसरी. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क सेकंदाला दीड-दोनशे मेगाबाइट वाचते, साधी सॅटा एसएसडी साडेपाचशेच्या आसपास, आणि एनव्हीएमई प्रकारची त्याच्या कितीतरी पट. चालू काम एसएसडीवर, झालेले काम हार्ड डिस्कवर, असा सरळ संसार असावा. ज्यांना सुटे भाग जोडण्याची दगदग नको त्यांनी तयार मशीन घ्यावे, पण काही मशीनमध्ये रॅम कायमची बसवलेली असते, नंतर वाढवता येत नाही. ॲपलच्या आजच्या लॅपटॉपांचे तसेच आहे. तिथे पहिल्या दिवशीच पुढच्या पाच वर्षांचा विचार करावा.

सुटे भाग घ्यायला मुंबईत आजही लोक लॅमिंग्टन रोडला जातात. पाटीवरचे नाव डॉ. भडकमकर मार्ग, पण ते कुणी घेत नाही. तिथे एकच गोष्ट आवर्जून करावी. पक्की पावती घ्यावी आणि तिच्यावर प्रत्येक भागाचा क्रमांक लिहून घ्यावा. आमच्या दुसऱ्या मशीनच्या वेळी दोन हजार रुपये वाचवायला आम्ही बिनपावतीचा एसएमपीएस घेतला, म्हणजे मशीनला वीज पुरवणारी पेटी. वर्षाच्या आत ती पेटी जळाली आणि जाताना मदरबोर्डाला घेऊन गेली. मशीनमधला सर्वांत न दिसणारा भाग स्वस्तातला घेऊ नये, हा धडा तेव्हाचा.

आता चेंबूरचे सांगतो, कारण मशीन कुठे ठेवणार हाही निवडीचाच भाग आहे. आमच्याकडे एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला माहुल-ट्रॉम्ब्याच्या रिफायनऱ्या, आणि आता गल्लोगल्ली जुन्या इमारती पाडून टॉवर उभे राहताहेत. सिमेंटची धूळ खिडकी बंद असली तरी आत येते. मशीनचे पंखे ती ओढून घेतात, जाळीवर थर बसतो, आतली गरम हवा बाहेर जात नाही. तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो. मालकाला वाटते मशीन म्हातारे झाले, आणि तो नवे घ्यायला निघतो. प्रत्यक्षात त्याला हवा असतो एक मऊ ब्रश आणि एक ब्लोअर. दोन महिन्यांतून एकदा वायर काढून मशीन गॅलरीत न्यावे, कॅबिनेट उघडावे, धूळ झाडावी. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावी, नाहीतर ती उलटी गरगर फिरून बिघडतात. घरातला झाडलोटीचा व्हॅक्यूम क्लीनर आत लावू नये, त्याच्या नळीत स्थिर वीज साचते.

पावसाळ्यात दमटपणा. चार महिने जोडांवर गंज धरतो आणि भिंगांवर बुरशी. महिनाभर काम नसले तरी आम्ही आठवड्यातून दोनदा मशीन तासभर चालू ठेवतो. हार्ड डिस्क स्वयंपाकघरातल्या हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून. माझी पत्नी अजून विचारते, "माझा रव्याचा डबा परत कधी मिळणार?"

आणि पाणी. २६ जुलै २००५. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला तो दिवस. आमच्या तळमजल्याच्या खोलीत गुडघाभर पाणी शिरले. मशीन टेबलाखाली जमिनीवर होते. मी दादरला अडकलेला, भाचा एकटा. त्याने वीज बंद केली, एवढे भान ठेवले म्हणून तो वाचला. मशीन गेले. कॅसेट मात्र माळ्यावर होत्या, त्या सगळ्या कोरड्या राहिल्या. पंधरा दिवसांनी उसन्या मशीनवर कॅसेट पुन्हा उतरवून आम्ही अडलेले काम पूर्ण करून दिले. तेव्हापासून आमचे मशीन जमिनीवर कधी नसते. पण त्या पावसाने जो खरा धडा दिला होता तो आम्ही घेतलाच नाही. मशीन गेले आणि काम राहिले, ते कॅसेट वेगळ्या जागी होत्या म्हणून. हे आमच्या लक्षात यायला हवे होते.

२००७ च्या मे महिन्यात आम्ही सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी गेलो. माझ्या अम्मीला जात्यावरच्या ओव्या येत. आमच्या घरात दखनी बोलतात, पण जात्यावर बसली की अम्मी मराठी. गावाकडच्या अनेक मुसलमान घरांत हे असेच होते. पिराची ओवी, विठोबाची ओवी, माहेरच्या वाटेची, भावाची. गिरणी आल्यापासून जाते परसात पडून होते. भाच्याने ते धुतले, ओसरीवर मांडले, खुंटा नवा ठोकला. नानी बसली. सुरुवातीला कॅमेऱ्याला लाजली, मग विसरली. बावन्न मिनिटे ती दळत होती आणि गात होती. मध्ये पीठ भरायला थांबली तेवढीच.

चेंबूरला येऊन आम्ही ती कॅसेट संगणकात उतरवली. पुढच्या आठवड्यात एका साखरपुड्याचे काम आले. कोऱ्या कॅसेट संपल्या होत्या. संगणकात प्रत आहेच, म्हणून अम्मीची कॅसेट पुन्हा वापरली. मीच म्हणालो, "वापर रे, आहे की कॉम्प्युटरमध्ये." हे वाक्य माझे आहे, भाच्याचे नव्हे.

ऑक्टोबरमध्ये एका संध्याकाळी वीज तीनदा गेली आणि आली. यूपीएस नव्हता. 'उरल्यास' घेणार होतो. तिसऱ्यांदा वीज आली तेव्हा हार्ड डिस्क टक्-टक्-टक् असा आवाज करू लागली. ज्यांनी तो आवाज ऐकला आहे त्यांना वेगळे सांगायला नको. दोन ठिकाणी दाखवली. दोन्हीकडे सांगितले, वाचणार नाही.

फोनवर अम्मीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "जाने दे रे. फिर बोलती की मैं." आम्ही दिवाळीनंतर जाऊ म्हटले. दिवाळीनंतर काम होते. पुढच्या उन्हाळ्यात तिला दम लागू लागला. बोलायला त्रास व्हायचा, गाणे दूरच. २००९ मध्ये ती गेली.

चाळिसाव्याला गावी जमलो होतो. खालाने कपाटातून साड्यांच्या घडीखालून एक डीव्हीडी काढली. एका निर्मात्याला नमुना दाखवायला भाच्याने सहा मिनिटांचा तुकडा कापला होता. खालाने हट्ट केला म्हणून त्याची एक प्रत तिला पाठवली होती. आम्ही विसरून गेलो होतो. बावन्न मिनिटांतली तेवढी सहा मिनिटे उरली. त्यात पिराची ओवी आहे, विठोबाची आहे. भावाची नाही. ती मला अर्धीच आठवते.

हे फक्त आमच्यासारख्या नवख्यांच्या बाबतीत होते असे समजू नका. 'आलम आरा' हा आपला पहिला बोलपट १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये लागला. आज त्याची एकही प्रत कुठे सापडत नाही. इकडे अमेरिकेत १९९८ साली पिक्सार कंपनीत 'टॉय स्टोरी २' चे काम चालू असताना कुणाच्या तरी एका चुकीच्या आज्ञेने चित्रपटाच्या फाइली पुसल्या जाऊ लागल्या. राखीव प्रती काढायला गेले तर त्या धड निघत नव्हत्या. मोठी कंपनी, मोठी मशीन. चित्रपट वाचला तो गॅलिन ससमन या बाईंमुळे. त्यांना नुकतेच मूल झाले होते, म्हणून त्या घरून काम करत आणि त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती. तो संगणक गोधडीत गुंडाळून गाडीतून आणला गेला.

आणि आमच्या चेंबूरचा आर. के. स्टुडिओ. १९४८ साली सुरू झालेला. १६ सप्टेंबर २०१७, शनिवार, तिथल्या एका सेटला आग लागली. जीवितहानी झाली नाही, पण जुन्या चित्रपटांतले पोशाख, दागिने, किती तरी वस्तू जळून गेल्या. २०१९ मध्ये ती जागाही विकली गेली. पण राज कपूरांचे चित्रपट मात्र आहेत. त्यांच्या अनेक मूळ निगेटिव्ह २०१९ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे सोपवल्या गेल्या. प्रती देशभर, जगभर गेलेल्या होत्याच. पोशाख एकेकच होते, चित्रपटाच्या प्रती अनेक होत्या. हा फरक आमच्या घरापासून पंधरा मिनिटांच्या अंतरावर दिसला.

ओव्यांचेच उदाहरण घ्या. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गावोगावच्या बायांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे काम आयुष्यभर केले. लिहून घेतल्या, हजारो ध्वनिमुद्रित केल्या. एक लाखाहून जास्त ओव्यांचा तो संग्रह आता 'पारी' या संस्थेमार्फत कुणालाही वाचता-ऐकता येतो. ते काम एखाद्याच मशीनच्या भरवशावर ठेवले असते तर ते आपल्यापर्यंत आलेच नसते.

म्हणून भाचा त्या मुलीला म्हणाला, यादी खालून वर वाच. दीड लाखातले पन्नास हजार आधी बाजूला काढ. त्यात यूपीएस, दोन बाहेरच्या हार्ड डिस्क आणि चालू कामाची एसएसडी. उरलेल्या एक लाखात मशीन आणि मॉनिटर बसव. कार्ड थोडे लहान झाले तर प्रॉक्सी करून काम चालते. प्रत नसली तर काहीच करता येत नाही.

यूपीएसविषयीही एक बारकावा आहे. पेटीवर १००० व्हीए लिहिलेले असते, पण साध्या घरगुती यूपीएसमधून त्यातले सुमारे ६०० वॅटच मिळतात. आपले मशीन आणि मॉनिटर पूर्ण कामात असताना किती वॅट ओढतात ते बघून घ्यावे. यूपीएसवर रात्रभर काम करायचे नसते, फाइल जपून मशीन नीट बंद करायला पाच-दहा मिनिटे मिळाली की पुरे. दोन-तीन वर्षांनी त्याची बॅटरी बदलावी लागते. आणि वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्यावे. जुन्या चाळींत तीन पिनांचा सॉकेट असतो, तिसऱ्या पिनेला वायरच नसते.

प्रतींचा नियम जगभर तीन-दोन-एक म्हणून ओळखला जातो. कामाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या जागी. ही दुसरी जागा म्हणजे दुसरी खोली नव्हे, दुसरे घर. आमची तिसरी प्रत आपाकडे, मुलुंडला असते. दोन डिस्कवर एकाच वेळी लिहिणारी पेटी मिळते, तिला रेड म्हणतात. ती चांगली असते, डिस्क बिघडली तर काम थांबत नाही. पण तिला राखीव प्रत समजू नका. चुकून फाइल पुसलीत तर ती दोन्हींवरून पुसते.

कॅमेऱ्याचे कार्ड पुसण्याआधी दोन जागी प्रत हवी, आणि ती नुसती उतरवलेली नव्हे तर उघडून पाहिलेली. एसएसडी वर्षानुवर्षे विजेशिवाय कपाटात ठेवू नये, ती विसरू शकते. जपणुकीला हार्ड डिस्क, तीही वर्षातून एकदा-दोनदा चालवून पाहावी आणि पाचेक वर्षांनी नव्या डिस्कवर उतरवून घ्यावी.

काम चालू असताना सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घालू नका, कितीही आग्रह होऊ दे. काम ग्राहकाला पोचले, पैसे आले, मग घाला. आणि काम संपले की संकलनाच्या फाइलीवर विसंबू नका. २०११ मध्ये फायनल कट प्रोची नवी आवृत्ती आली तेव्हा ती जुन्या आवृत्तीतली कामे उघडेना. आमची सात वर्षांची कामे कुलपात गेल्यासारखी झाली. म्हणून पूर्ण झालेल्या चित्राची उत्तम दर्जाची एक पक्की प्रत वेगळी काढून ठेवावी. सॉफ्टवेअर जाते, साधी व्हिडिओ फाइल कुठेही उघडते.

मॉनिटरचे रंग मोजून बसवावेत, भिंत भडक नको, आणि शेवटी आपले काम शेजाऱ्याच्या साध्या टीव्हीवर आणि मोबाइलवर एकदा पाहावे. लोक तिथेच पाहणार असतात.

मुलगी सगळे लिहून घेत होती. शेवटी वडिलांनी विचारले, "म्हणजे दीड लाखात चांगले मशीन येईल ना?" भाचा म्हणाला, "काका, मशीन चांगले येईल. पाच वर्षांनी जुने होईल, मग दुसरे घेईल ती."

आमच्याकडे आता अम्मीच्या त्या सहा मिनिटांच्या तीन प्रती आहेत. एक घाटल्याच्या खोलीत, एक माझ्या घरी, एक आपाकडे. दरवर्षी तिच्या बरसीला आम्ही तिन्ही डिस्क एकत्र आणतो आणि एकेक उघडून पाहतो. फाइल धड आहे की नाही, एवढेच तपासायचे असते. भाचा म्हणतो, "मामू, पहिली दहा सेकंदे पाहिली तरी पुरे आहे." मी तिन्ही प्रती सहा-सहा मिनिटे पाहतो.